विहिरीवरची पाच कलमं

इंदूआत्या आमच्या घरी आंबा खात नसे. मे महिन्यात आमच्या माजघरापासून पडवीपर्यंत पेंढ्यात आढी घातलेली असायची, आल्यागेल्याला आग्रह चाललेला असायचा, आणि ही बाई पुढ्यात आलेली बशी दोन बोटांनी मागे सारून विचारायची, "हा कुठला? विहिरीवरचा का गो वहिनी?" आई खाली बघायची. "मग नको. माझंच मला पाहुणचार म्हणून वाढू नका." एवढं बोलून ती चहा मागायची, आणि तो मात्र चांगला दोन कप प्यायची.

आत्या माझ्या वडिलांची, आप्पांची, धाकटी बहीण. रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, सुधा. अंगाने काडी, आवाज मात्र तीन वर्गांना पुरेल असा. आज ती नाही. तिच्या माघारी आमचे नातेवाईक अजून तिला 'भावाला कोर्टात खेचणारी' म्हणतात, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं. खेचणारी! तिच्यावर ती वेळ कुणी आणली, हे कुणी सांगत नाही.

आमच्या घराण्यात मुलीला आंदण म्हणून सोनं थोडं आणि हापूसची कलमं द्यायची रीत होती. जमीन भावांची, वरचं झाड बहिणीचं. कोकणात यात कुणाला नवल वाटत नाही. लग्नात मुलीची ओटी भरताना जितकी कलमं द्यायची तितके आंबे ओटीत घालायचे आणि बापाने चार माणसांत मोठ्याने सांगायचं. आजोबांनी, म्हणजे आत्याच्या तात्यांनी, तिच्या ओटीत पाच आंबे घातले आणि सांगितलं, "विहिरीवरची पाच कलमं इंदूची." कागद कुणी केला नाही. लेकीच्या ओटीत घातलेलं लिहून ठेवायचं म्हणजे घरच्यांवर अविश्वास दाखवणं, असं मानणारी ती माणसं.

आजोबा होते तोवर त्या कलमांचा आंबा आत्याच्या दारात पोचायचा. ते गेल्यावर आप्पांनी आधी तो कमी केला आणि मग बंदच केला. "इंदूला म्हणावं, ये आणि हवा तेवढा खा. घर काय परकं आहे?" वर सगळ्या बागेचं त्या हंगामाचं फळ, विहिरीवरच्या कलमांसकट, मुंबईच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. तेव्हा सुधाची दहावी झाली होती आणि तिला पुढे शिकायचं होतं. आत्याने फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात आप्पांना तीन पत्रं लिहिली. एकालाही उत्तर गेलं नाही. मग तिने दिवाणी कोर्टात दावा लावला.

त्या दिवसापासून आमच्या वाडीत तिचं नाव निघालं की बायका कानाला हात लावायच्या. धाकटे काका म्हणाले, "पाच झाडांसाठी माहेर तोडलंन." झाडं दाबून बसणाऱ्याने काही तोडलं नव्हतं म्हणे! मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि हे सगळं ऐकून गप्प बसत होते, याचीही मला आज लाज वाटते.

दावा चालू असतानाच भाऊबीज आली. सकाळच्या एसटीतून उतरून, मिरजोळ्याकडून पायी चालत, हातात करंज्यांचा डबा घेऊन आत्या दारात हजर. आप्पा मागच्या दाराने बागेत निघून गेले. आई रडायला लागली. "रडतेस काय? दावा झाडांचा आहे गो, भाऊ माझाच आहे," असं म्हणून तिने पाट मांडायला लावला, निरांजन लावलं आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. मग पदराने कपाळावरचा घाम पुसून मला म्हणाली, "करंज्या त्याला दे. आणि सांग, तारीख सोमवारी आहे, विसरशील."

त्या सोमवारी मी कॉलेज बुडवून कोर्टात गेले. आमचा म्हातारा गडी पांडू आत्याच्या बाजूने साक्षीला उभा होता. "आमी त्येंना इंदूबायचीच कलमं म्हंताव," तो म्हणाला, आणि आप्पांकडे नजर जाताच चाचरला, "पन मालक सांगतील तसां." मग आप्पा उभे राहिले. तुमच्या वडिलांनी मांडवात असं सांगितलं होतं का, असं विचारल्यावर माझ्या बापाने उत्तर दिलं, "सांगितलं असेल. लग्नात माणूस काय काय बोलतो." आजोबांचा शब्द त्यांनी असा झटकला! देवासमोर खोटं बोलत नाही म्हणून मिरवणारा हा माणूस.

आत्या हरली. नोंदवलेला कागद नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. कायद्याने ते बरोबरच असेल, मला त्यातलं कळत नाही. बाहेर पायरीवर बसून आत्याने चपलेचा अंगठा सारखा केला आणि म्हणाली, "तात्यांचा शब्द खरा होता, हे त्याने कबूल केलंन ना? तेवढं तरी लिहिलं गेलं."

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, वैशाखातच. मी हट्ट धरला म्हणून आत्याला बोलावणं गेलं. मांडव भरलेला, सासरची माणसं समोर, आणि आईने ओटी भरताच आप्पा पुढे होऊन माझ्या पदरात एकेक आंबा टाकू लागले. पाच झाले. "विहिरीवरची पाच कलमं माझ्या लेकीची!" लोकांनी वाहवा केली. माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने विचारलं, "आप्पा, हेही लग्नातलं बोलणंच ना?" आप्पांचा चेहरा काळवंडला. "लिहून देईन," ते कसेबसे म्हणाले, "आठ दिवसांत."

त्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं की कागद झाला की झाडं तुझ्या नावावर करते. ती भडकलीच. "कोर्टात मी हक्क मागितला. आता भाचीची दया घेऊ? तू घे लिहून. या घरातल्या एका तरी मुलीच्या हातात कागद असू दे. आणि साक्षीला मी येणार."

आणि ती आली. निबंधकाच्या कचेरीत बक्षीसपत्रावर आप्पांनी सही केली. मग कारकुनाने साक्षीदाराची जागा दाखवून विचारलं, "बाई, ही झाडं तुमच्या माहितीची आहेत ना?"

"आहेत तर. माझीच आहेत."

कारकून हसला. "म्हणजे तुमच्या घरची."

"नाही हो. माझी," आत्या म्हणाली, आणि तिने ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली.

आप्पा शेजारीच उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'नाही' निघालं नाही.