सिध्याच्या चादरीमागचे स्पीकर

सिध्याला मी हरवलं, आणि वर मोठ्यानं हसलो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. ते हसणं काही केल्या डोक्यातून जात नाही.

बुलढाण्यात सिद्धार्थचं ऑडिओ रिपेअरिंगचं दुकान. मी मेहकरला नोकरीला. शाळेपासूनचे दोस्त. स्पीकर तो स्वतः बनवायचा, सागवानी डब्यात. सगळे पॅसिव्ह.

मी पुण्याहून महागडी अ‍ॅक्टिव्ह जोडी आणली. त्याला दाखवत म्हणालो, "बघ, पॉवर्ड स्पीकर!"

भडकलाच.
"पॉवर्ड अन् अ‍ॅक्टिव्ह एक नसते बे! पॅसिव्हचा अ‍ॅम्प बाहेर. तोच डब्यात कोंबला का झाला पॉवर्ड. अ‍ॅक्टिव्हमंधी जाड आवाजाच्या वूफरले येगळा अ‍ॅम्प, बारीक आवाजाच्या ट्विटरले येगळा. घेतलं काय, तेबी माहीत नाही तुले!"

मग त्याची नेहमीची परीक्षा. स्पीकरपुढे चादर बांधायची आणि बाबांची कॅसेट लावायची.

त्याचे बाबा गावोगाव भीमगीतं गायचे. हे त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग, सिध्यानेच घरी केलेलं.

मी मागून जोडी बदलायची. त्याने फक्त सांगायचं, कोणत्यात बाबा समोर बसलेत.

आधी त्याची जोडी. मान डोलत होती.
मग माझी. मान थांबली.
"ह्यात," एवढंच म्हणाला.

मी चादर ओढली. दोन गिऱ्हाइकांसमोर टाळ्या पिटल्या. "हरला बे सिध्या!"

त्याने कॅसेट काढून खिशात घातली. "चहा सांगून येतो," म्हणून गेला, तो आलाच नाही.

मला वाटलं, जळला. मीही फोन केला नाही. आठ महिने! काय तो माझा ताठा!

मग फोन आला तो वहिनींचा. अटॅक. सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या स्पीकरमंधी यायले बाबाले दम लागलेला ऐकू आला. ओळीओळीले. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा. घरी येऊन लय रडले. म्हणे, त्यायले धाप लागली होती, अन् मी गाणं म्हणायले लावून राह्यलो होतो."

कॅसेट आणि सागवानी डबे त्यांनी मलाच दिले. "तुमच्याशिवाय कोणाले समजते ह्यातलं?"

आज सकाळी कॅसेट लावली. त्याच्याच पॅसिव्हवर. बाबा गातात, धाप कुठंच ऐकू येत नाही.

शेवटी अगदी बारीक, सिध्याचा आवाज येतो. "बाबा, अजून एक म्हना ना."

माझ्या अ‍ॅक्टिव्हवर तो स्वच्छ ऐकू येईल. लावायची हिंमत होत नाही.

माफ कर बे सिध्या.
अखेरचा जय भीम.