नर्सबाई पुणं पाहायला आल्या

अकोल्याच्या आसपासच्या खेड्यांत हिराबाई वानखडे यांनी एकतीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली. बदली झाली की नवं गाव, आणि नव्या गावात पोचल्यावर त्यांची एक ठरलेली रीत असे. पहिल्या दिवशी ट्रंक उघडायची नाही. आधी गाव पायी पालथं घालायचं. हापशावर कोण भेटतं, बायका कुणाच्या ओट्यावर बसतात, सगळ्यांची बाळंतपणं तोंडपाठ असलेली म्हातारी कोणती, एवढं कळलं की मग सामान लावायला घ्यायचं. असं केल्यामुळे कुठल्याच गावात त्यांना परकं वाटलं नाही, असं त्या सांगत.

म्हणून अभिनव जेव्हा धरूनच बसला की आता तुम्ही दोघं कायमचे पुण्याला या, तेव्हा हिराबाईंनी तीन दिवस मागून घेतले. "आधी पाहते, मग सांगते."

अभिनव त्यांचा एकुलता एक. हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, तिथेच चार वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट, त्यात आईबाबांसाठी वेगळी खोली. अकोल्याच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. हिराबाईंचे यजमान तात्याराव एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं बायकोवर टाकलं. "तूच पाहून येजो. मले काय समजते शहराचं? तू हो म्हनली तं हो."

घर सोडायचं म्हणजे भिंती सोडायच्या, एवढंच असतं तर हिराबाईंना तीन दिवस लागले नसते. पण त्यांच्या वस्तीत विहार होतं, आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, तिथे रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चाले. निवृत्त झाल्यापासून, दहा वर्षं, ते वाचन हिराबाई करत होत्या. समोर अकरा-बारा बायका. पहिल्या रांगेत वेणूबाई. तिला दिसत नव्हतं, पण हिराबाईंची एखादी ओळ सुटली की लगेच म्हणायची, "मागं ये, हिरा." आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होणार होता. एक महिना राहिला होता.

शुक्रवारी अभिनव आणि सून निकिता यांनी रजा टाकून आईला पुणं दाखवलं. जवळचं हॉस्पिटल, भाजीमंडई, मॉल, सोसायटीतला चालायचा ट्रॅक, ज्येष्ठ नागरिकांची खोली. त्या खोलीत एक कॅरम होता आणि माणूस एकही नव्हता. हिराबाई सगळीकडे "छान आहे" म्हणाल्या. निकिताला ते पुरेसं वाटलं. अभिनवला नाही वाटलं, कारण जेवणात मीठ जास्त झालं तरी आई "छान आहे" म्हणते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

चार वाजता रजा असूनही दोघं लॅपटॉप उघडून बसली, तशा हिराबाई चपला घालून बाहेर पडल्या. आठव्या मजल्यापासून खाली, जिन्याने. एका मजल्यावर चार दारं. आठवा, सातवा, सहावा. घरोघर सर्वेक्षण करण्यात आयुष्य गेलेल्या त्या बाईला बंद दारासमोरून नुसतं चालत जाणं जमेना. सातव्या मजल्यावरचं एक दार जरा किलकिलं होतं. आतून एक साठी-पासष्टीच्या बाई डोकावल्या.

"काही विकायचं असेल तर गेटवर नोंद करावी लागते."

"विकायचं नाही काही. मी वरच्या मजल्यावर आलेय, अभिनवची आई. म्हटलं, ओळख करून घ्यावी."

"बरं," म्हणाल्या बाई, आणि दार लागलं.

तळमजल्यापर्यंत जाईतो हिराबाईंना बोलणारं माणूस एकच भेटलं, आणि ते लिफ्ट दुरुस्त करायला आलेलं होतं.

शनिवारी ज्येष्ठ पौर्णिमा. हिराबाई पहाटे उठल्या, अंघोळ केली आणि पिशवीतून घडी मोडून पांढरी साडी नेसल्या. पौर्णिमेला पांढरं नेसून विहारात जायचं, दुपारी बाराच्या पुढे जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. अभिनव हेल्मेट घेऊन दाराशी थांबला होता. त्याने साडीकडे पाहिलं.

"आई, पांढरीच नेसायची का?"

"पौर्णिमा आहे ना."

"हो, पण आज खाली वटपौर्णिमा आहे. सगळ्या बायका हिरव्या साड्या-बिड्या..."

"त्यांची त्यांच्यापाशी, आपली आपल्यापाशी." मग त्या थांबल्या. "इथं कोणाला सांगितलं नाहीस का तू आपलं?"

"कोणी विचारलं नाही, आई."

"आणि तू बोलला नाहीस."

अभिनवने हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला. वानखडे आडनाव विदर्भात सगळ्या जातींत असतं. ऐकणारा आपल्याला हवा तो अर्थ लावून घेतो. चार वर्षं त्याने लोकांना तो लावू दिला होता. खोटं बोलला नव्हता, एवढंच.

विहार मुख्य रस्त्यापासून आत होतं. नव्या फरशा, रंगही ताजा, आणि शटर खाली. एक पन्नाशीचा माणूस पायऱ्या झाडत होता. साईनाथ त्याचं नाव. कारखान्यातली रात्रपाळी संपवून येताना तो विहाराची झाडलोट करत असे.

"जय भीम, ताई. वंदना उद्या, रविवारी नऊला."

"आज पौर्णिमा आहे भाऊ."

"आहे ना. पण लोक शिफ्टवाले. रविवारशिवाय कोणी येत नाही."

"आणि वर्षावासाचं वाचन?"

साईनाथ झाडू टेकवून उभा राहिला. "गेल्या वर्षी केलं होतं सुरू. आठ दिवस मीच वाचलं. मला अडखळत येतं वाचता. पोरं हसायला लागली. मग एकेक जण यायचा थांबला, मग मीही थांबलो."

तो किल्ली आणायला निघाला, पण हिराबाईंनी थांबवलं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अजून किती पळवायचं. त्या शटरसमोरच्या पायरीवर बसल्या आणि हळू आवाजात वंदना म्हणू लागल्या. अभिनव थोडा वेळ गाडीजवळ उभा राहिला. मग येऊन शेजारी बसला. त्याला मधलं मधलं आठवत नव्हतं. जिथे आठवत होतं तिथे तो आईच्या आवाजात आवाज मिसळत होता.

या वेळी तिकडे अकोल्यात बायका वस्तीच्या रस्त्याने विहाराकडे निघाल्या असतील, हिराबाईंच्या मनात आलं. वेणूबाईचा हात आज कोणी धरला असेल?

परत आले तेव्हा सोसायटीच्या गेटच्या आत एका सिमेंटच्या कुंडीत वडाची फांदी खोचलेली होती आणि तिच्याभोवती पंचवीस-तीस बायका सूत गुंडाळत फिरत होत्या. हिरव्या साड्या, नथी, ताटं, फोटो काढणं, हसणं. हिराबाई गाडीवरून उतरल्या आणि आवाज एकदम खाली आला. एकीने हळदकुंकवाचं ताट पलीकडच्या हातात घेतलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. हिराबाईंना काहीतरी बिनसलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही. लिफ्टमध्ये अभिनव आकड्यांकडे बघत राहिला.

सव्वाअकराला बेल वाजली. दारात कालच्या, सातव्या मजल्यावरच्या बाई. हातात स्टीलचा डबा.

"मी कौशल्या दामले. काल मी तुम्हाला विक्रेती समजले, चूक झाली. मला आत्ताच खालून कळलं." त्यांनी डबा पुढे केला. "पिठलं-भात आहे. तुमच्याकडे काही शिजलं नसेल."

"शिजतंय की," हिराबाई गोंधळून म्हणाल्या. आत निकिताच्या कुकरने शिट्टी दिली.

कौशल्याबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "कधी झालं?"

"काय?"

"तुमचे यजमान..."

हिराबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या साडीकडे, आणि गेटवरची ती शांतता त्यांच्या ध्यानात आली. "अहो बाई, ते आहेत! अकोल्यात आहेत. सकाळीच साखरेचा डबा सापडेना म्हणून फोनवर ओरडत होते." कौशल्याबाईंच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना, तशी त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जय भीम," तात्यारावांचा आवाज घरभर घुमला. "आता काय झालं?"

"इथल्या बायांनी तुमाले मारून टाकलं."

"मले? काहून?"

"माही पांढरी साडी पाहून. एक ताई पिठलं घेऊन आल्या भेटाले."

"मी जित्ता हावो म्हना त्यायले. पन पिठलं ठेवून घेजो."

फोन बंद झाला. स्वयंपाकघराच्या दारात अभिनव उभा होता. आता काय होतं, याची वाट बघत असल्यासारखा. हिराबाईंनी पदर सारखा केला.

"आम्ही बौद्ध, ताई. पौर्णिमेला पांढरं नेसतो. आमचं ते सणाचं असतं."

कौशल्याबाई अभिनवकडे वळल्या. "चार वर्षं रोज लिफ्टमध्ये भेटता. कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही, काकू."

"विचारलं की म्हणता म्हातारी चौकशा करते. नाही विचारलं तर हे असं होतं." त्या हातातल्या डब्याकडे बघत राहिल्या. "मग हे परत नेऊ का?"

"परत कशाला? बाराच्या आत मला जेवायचंय. अर्धा तास आहे. बसा."

त्या बसल्या. पिठल्यात लसूण नावालाच होता आणि तिखट त्याहून कमी, पण हिराबाई "छान आहे" म्हणाल्या नाहीत. "आमच्याकडे याला आजाऱ्याचं पिठलं म्हणतील," असं म्हणाल्या. कौशल्याबाईंनी उत्तर दिलं, "आजारी माणसं लवकर बरी व्हावीत म्हणूनच आम्ही असं करतो." निकिताला हसू आवरेना.

मग कौशल्याबाई भात कालवत, वर न बघता म्हणाल्या, "आमचे गेले त्याला नऊ वर्षं झाली. आजच्या दिवशी खाली मला कोणी बोलावत नाही, मीही जात नाही. खालून हसणं ऐकू येतं. मग काहीबाही शिजवत बसते. आज खालच्या बायका म्हणाल्या, आठव्या मजल्यावर एक बाई पांढऱ्या साडीत आल्यात. मला वाटलं, चला, आज कोणीतरी जोडीला आलं." त्यांनी घास घेतला. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचे यजमान जिवंत आहेत म्हटल्यावर जराशी निराशाच झाली."

हिराबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते नऊ वर्षांच्या एकटीच्या पिठल्यासाठी होतं की अकोल्यातल्या त्या वस्तीच्या रस्त्यासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. दुपारभर त्या बाल्कनीत बसून राहिल्या. खाली मोकळ्या कुंडीशी सुताचा गुंता पडला होता.

रविवारी सकाळी विहारात तीस-चाळीस माणसं होती. हिराबाई अगदी मागे, भिंतीला टेकून बसल्या. पाहुणं माणूस, पुढे कशाला जायचं? वंदना झाली. चाल थोडी वेगळी होती, जलद. ती संपता संपताच बायका मोबाईल बघू लागल्या. विहाराचे सचिव इंद्रजीत, कुठल्याशा सरकारी कार्यालयातले, वही घेऊन उभे राहिले.

"पुढच्या महिन्यात आषाढ पौर्णिमा. वर्षावासात रोज सात ते आठ वाचन ठेवायचं ठरलंय. वाचणार कोण?"

कोणी वर बघेना. "साईनाथ आहे की," मागून एक पोरगा म्हणाला आणि दोघंतिघं हसली. साईनाथने मान खाली घातली. फरशीचा सांधा तो बोटाने पुसू लागला.

हिराबाईंच्या डोळ्यांपुढे त्या अकरा-बारा जणी आल्या. एकेकीची जागा, एकेकीचं खोकणं. आपण इथे तोंड उघडलं तर तिथे त्या संध्याकाळी येऊन बसतील आणि पुस्तक कोण उघडेल? शिकलेल्या सुना होत्या वस्तीत, पण त्या दुपारी कामावर, संध्याकाळी चुलीशी. साईनाथ अजून तोच सांधा पुसत होता.

"मी वाचीन," हिराबाई म्हणाल्या.

स्वतःचा आवाज कानावर पडल्यावर त्यांना कळलं की सोमवारचं उत्तर देऊन झालं.

इंद्रजीत यांनी वही उघडली. "नाव, ताई?"

"हिरा तात्याराव वानखडे."

"पत्ता?"

"अकोला, भीमनगर, विहाराच्या..." त्यांची जीभ थबकली. तीस वर्षं, बदली कुठेही झाली तरी, कागदावर घरचा हाच पत्ता होता.

"अकोल्याहून रोज यायचं म्हणजे फारच श्रद्धा," इंद्रजीत म्हणाले, आणि या वेळी सगळे हसले.

पुरुषांच्या बाजूने अभिनव उभा राहिला. विंग, मजला, फ्लॅटचा नंबर, सोसायटीचं नाव त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझी आई आहे ती. लिहा."

लोक पांगल्यावर हिराबाई पायरीवर बसल्या. वेणूबाईकडे मोबाईल नव्हता. तिला तोंडानेच सांगावं लागणार होतं, समोर बसून. ते बरं की वाईट, त्यांना ठरवता येईना. त्यांनी तात्यारावांना फोन लावला.

"घराचं त्यायले हो म्हना."

पलीकडे तात्यारावांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"मले वाटलं होतं, तू नाही म्हनशीन," ते म्हणाले.

"मले वाटलं होतं, तुमी नाही म्हनान."

"मंग आता?"

"आता काय. मी येतो उद्या सकाळी. तोवर कशाले हात लावू नका. आधी वेणूबाईकडे जाऊ, दोघंही."

"दोघं काहून?"

"मले एकटीनं नाही सांगता येनार," हिराबाई म्हणाल्या.