लेझरच्या खोलीत बखूर

लेझर आणि इलेक्ट्रॉनांचा झोत यांची गाठ घालून देणं, हे माझं दोह्यातलं काम. दोघंही एकाच क्षणी, केसाहून बारीक अशा एकाच जागी पोहोचले, तर पडद्यावरची रेघ पसरते. म्हणजे लेझरने इलेक्ट्रॉनांना धक्का दिला. आठ महिने ती रेघ ढिम्म होती. लेझरवाले म्हणायचे झोत उशिरा येतो, झोतवाले म्हणायचे लेझर घाई करतो. लग्नाच्या बैठकीतल्या दोन मामांसारखी आमची मीटिंग चालायची. शेवटी एका शनिवारी रेघ पसरली आणि अकरा मिनिटं टिकली. मी ते रेकॉर्ड करून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी निधी देणारी समिती बघायला येणार होती. चाचणी पास झाली तर माझा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढणार होता. नाहीतर मुलीला दहावीच्या ऐन मध्यात शाळा सोडून पुण्याला जावं लागलं असतं.

आमचे साहेब नाशिकचे. ऑफिसात कडक इस्त्रीचं इंग्रजी. मराठी फक्त काही लपवायचं असेल तेव्हा. पाहुणचारात मात्र ते कतारींच्याही पुढे. ज्या खोलीत आम्ही धूळ नको म्हणून बूट काढून, डोक्याला टोपी घालून जातो, तिथे त्यांनी सकाळी गालिचा अंथरला आणि मधोमध बखूर पेटवला. अरबी धुपाचा दाट धूर छताला लागला.

"साहेब, आरशांवर धूर बसेल," मी म्हटलं.

"अहो, मोठी माणसं येताहेत. वास नको का छान यायला? यल्ला, चला, दार उघडा."

समिती आली. मुख्य लेझरला वाट दाखवण्यापुरता लावलेला छोटा हिरवा लेझर एरवी दिसतही नाही. धुरात तो लखलखला आणि सगळ्यांनी फोन बाहेर काढले. प्रकाशाचा शोध आपणच लावला अशा थाटात साहेब उभे राहिले. तेवढ्यात मुख्य लेझरच्या पहिल्याच आरशावर चिकटलेला धूर जळून काळा डाग पडला. रेघ पुन्हा ढिम्म.

साहेब माझ्या कानाशी लागले. "कालची फाइल लावा. खलास."

मी लावली. रेघ ऐटीत पसरली, टाळ्या पडल्या. समितीतल्या एक वयस्क बाई टाळ्या न वाजवता पडद्याजवळ आल्या आणि त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, हे आत्ता होतंय का?

"येस मॅडम, लाइव्ह," मी म्हणालो. हे मात्र साहेबांनी मला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत कराराची ईमेल आली. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायकोने शिरा केला. मुलगी पुस्तक मिटून समोर येऊन बसली.

"सो इट वर्क्ड, बाबा?"

तिच्याशी खोटं बोलवेना. बखूर, आरसा, कालची फाइल, सगळं रंगवून सांगितलं. साहेबांची नक्कलही केली. ती पोट धरून हसली. मग थांबली.

"बट डिड एनीवन आस्क यू?"

"विचारलं एका बाईंनी."

"अँड?"

मी आणखी थोडा शिरा वाढून घेतला. तिने पुस्तक पुन्हा उघडलं.