पावडरच्या वासाचं पाणी

वाशीमच्या दवाखान्यात सिस्टरनं पाण्याचा पेला हातात दिला, तेव्हा ह्यांनी तो आधी नाकाजवळ नेला. वास घेतला, मग दोन घोट प्यायले. "साफ हाये बाबा पानी," सिस्टर हसून म्हणाली. ह्यांनी मान हलवली, पण पटल्याचं दिसेना. पावडरचा बारीक वास आला तरच पाणी भरवशाचं, असा ह्यांचा जन्मभराचा हट्ट. त्याच संध्याकाळी ते गेले... महिना होत आला. शेवटचं काय बोलले, असं भेटायला येणारे विचारतात. बोलले काहीच नाहीत. पाणी हुंगलं, एवढंच.

सत्तरच्या दशकात हे आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक होते, अनसिंगला. मी पलीकडच्या एका खेड्यात शाळेवर. निरीक्षक म्हटलं की लोकांना मोठा साहेब वाटायचा. ह्यांची साहेबी म्हणजे एक सायकल, कॅरिअरला ब्लीचिंग पावडरचा डबा आणि शर्टावर रंग उडालेले ठिपके. एक शर्ट धड राहू दिला नाही ह्या माणसानं. विहिरींत पावडर टाकायची आणि विहिरीलगतचे उकिरडे लांब हलवायला लावायचे, हे काम. लोक "हो साहेब" म्हणत आणि उकिरडा जागचा हलत नसे. खात्याची नोटीस आली की तिलाही हो म्हणत. हे चिडत नसत, पुढच्या खेपेला पुन्हा सांगत. चिडायचे मी.

एका वर्षी माझ्या शाळेच्या गावात हगवण-उलटीची साथ आली. उकिरड्यांचं पाणी झिरपून विहिरीत उतरलं होतं. माझ्या वर्गातली पोरं एकेक करून अंथरुणाला खिळू लागली. ह्यांनी विहिरीत पावडर टाकली आणि बायांनी विहीर सोडून घाणेरड्या नाल्याची वाट धरली. ते नसबंदीच्या धास्तीचे दिवस. सरकारी माणूस दिसला की गडी शेतात पळायचे. ही पावडर म्हणजे मूल होऊ न देण्याची दवा, असं बायांनी ठरवूनच टाकलं होतं. हे घसा कोरडा होईस्तोवर समजावत होते, स्वतः पिऊन दाखवत होते.

"तुमचं काय जाते साहेब," एक म्हातारी म्हणाली, "कूस आमच्या सुनायची हाये."

मला तेव्हा सहावा महिना होता. आधी दोनदा दिवस राहून पोट पडलेलं, हे गावाला ठाऊक होतं. मी विहिरीजवळ गेले आणि एकीच्या बादलीला हात घातला. एरवी त्या विहिरीवर आम्हा बौद्धांच्या हाताला जागा नसे. त्या दिवशी सगळ्यांनी सरकून जागा करून दिली. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"तू नको पिऊ."

"काहून? तुमचाच भरवसा नाही काय तुमच्या पावडरवर?"

"भरवसा हाये वं... पन जीव भेते."

आमच्या संसारात ह्यांनी प्रेमाचे शब्द फारसे खर्च केले नाहीत. ते तीन शब्द मला पुरले. मग ह्यांनीच बादली उचलली, पाणी हुंगलं आणि माझ्या ओंजळीत ओतलं. अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. मी प्यायले. दिवस मावळायच्या आत दोघी-तिघींनी तिथूनच घागरी भरल्या, पुढे बाकीच्यांनीही. साथ ओसरली. म्हातारीचा मात्र पुरता विश्वास बसला नव्हता. दर आठवड्याला शाळेत येऊन माझ्या पोटाकडे बघून जायची. मला मुलगी झाली तेव्हा ती टोपडं घेऊन आली, आणि घरी जाऊन तिनं उभं राहून आपला उकिरडा हलवून घेतला. खात्याच्या नोटिशीला जमलं नाही ते आमच्या लेकीनं पाळण्यातून केलं, असं हे पुढे सगळ्यांना सांगत.

तीच लेक परवापर्यंत इथे होती. आता घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, पाण्याला कसलाच वास नाही. निघताना मी तिला पेला भरून दिला. गाडीची वेळ झालेली, एक हात पिशवीत... तरी तिनं पेला आधी नाकाजवळ नेला, आणि मगच प्यायली. मला रडू आवरेना. ह्यांचा जीव अजून तिच्यासाठी भीतच होता.