बूच आपलं

"बाटली रोग्याची, बूच आपलं," असं मीरासाहेब कंपाउंडर नेहमी म्हणायचे. चिंचवडातल्या एका दवाखान्यात त्यांनी बावीस वर्षं औषधं कालवली. माणसं रिकामी बाटली घरूनच आणीत. मीरासाहेब ती भरून डोसांच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवत, पण पट्टीवर नाव कधी घालत नसत. त्याऐवजी कुणाला नांगराचं चित्र काढत, कुणाला चुलीचं. यशोदाबाईंच्या घरची खूण तुळस. फळीवर कुणाची बाटली उभी आहे, ते फक्त त्यांना आणि त्या घराला ठाऊक.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात कोंडाजी हवालदार भिंतीला सायकल टेकवून आत आला. यशोदाबाईंच्या सयाजीला लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत कायमची नोकरी मिळायची होती. त्याआधी पोलीस चौकशी व्हायची: चालचलन, संगत, आणि आजारपणसुद्धा.

"सयाजीला छातीचं काही झालं होतं का?"

"आजार त्याचा हाय. त्याला इचारा."

"तो कशाला सांगंल? सरकारी काम हाय, मीरासाहेब."

"हवालदार, तुमी मागल्या साली इथं कशापायी येत व्हता, हे उद्या कुणी इचारलं तर सांगू का?"

कोंडाजीनं बाकावरच्या बायांकडे चोरून पाहिलं आणि टोपी घातली.

तिथून तो सरळ यशोदाबाईंच्या दारी गेला. डेपोच्या नोकरीसाठी हवालदार पोराची तब्येत विचारतोय, एवढंच त्या माउलीला कळलं. तिनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा दिला आणि अभिमानानं म्हणाली, "आता दगडासारखा घट्ट झालाय, दादा! तीन सालामागं खोकल्यातून रगत पडत व्हतं. मीरासाहेबांनी सुया टोचून टोचून उभा केला. देवमाणूस हाय बघा!"

दुसऱ्या दिवशी हवालदार सयाजीच्या आजाराचा कागद घेऊन दवाखान्यात आला. "आईच बोलली, तुमचं कौतुक करत. तुमी नुसती सही करा."

डॉक्टर आतून बाहेर आले. डेपोचे कामगार आपल्या दवाखान्यात यावेत, म्हणून त्यांची खटपट चालली होती. "करून टाका, मीरासाहेब. झाकायचं उरलंय काय?"

मीरासाहेबांनी कागद पालथा घातला. "आई बोलली, ती आई हाय. मी न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नका."

कागद सहीवाचूनच गेला. आठ दिवसांत सयाजीला डेपोचा नकार आला.

नकार आला त्याच दिवशी मीरासाहेब दवाखान्याची किल्ली परत द्यायला आले. फळीवर तुळशीच्या खुणेची एक बाटली राहिली होती, ती त्यांनी आतून धुऊन पिशवीत घातली. वाटेत यशोदाबाईंच्या ओट्यावर ती ठेवून म्हणाले, "तुमची हाय, बाई."

"मीरासाहेब, माझ्या तोंडानं घात केला."

"तुमी माझं कौतुक केलंत," ते म्हणाले. "त्यात खोटं काय व्हतं?"

छत्री काखेत मारून ते आकुर्डीच्या वाटेला लागले. बाभळीच्या सावलीत एकदा थांबले, पुन्हा निघाले. सयाजी घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओट्यावर यशोदाबाई बाटलीवरची तुळस अंगठ्यानं चोळत, ते वळणाआड होईपर्यंत बघत राहिल्या.