शेपटीचा पंखा

लिहिण्याचा सराव नसताना हे धाडस करते आहे, क्षमा असावी.

आर्वीत मोटार दुरुस्त करणारे एक गृहस्थ दुपारी दुकानातल्या संगणकावर, उड्डाणाच्या खेळात, हेलिकॉप्टर बांधतात. त्यापूर्वी हात तीनदा पुसतात. निवृत्तीनंतर मीही त्यांच्याकडे शिकू लागले. माझे पहिलेच हेलिकॉप्टर गरगरत आदळले. गिऱ्हाइके हसली. मी जाण्यासाठी उठले.

"बसा, मॅडम. वरचा पंखा इकडे फिरला का धड तिकडे फिरते. शेपटीचा लहान पंखा त्याले आवरते. मी बी इसरतो."

मग स्वतःच्या नीट बांधलेल्या हेलिकॉप्टरचा शेपटीचा पंखा त्यांनी हळूच काढला आणि ते सर्वांदेखत उडवले. तेही गरगरत आदळले.

"भाऊ, तुमचा बी भोवरा झाला न!" गिऱ्हाइके आता त्यांना हसू लागली. मी पुन्हा बसले.

पंखा काढताना मी त्यांना पाहिले होते; हे त्यांना सांगावे का?