निळ्या नळीचं बक्षीस

आमच्या लहानपणी मधुमेह हा मोठ्या माणसांचा रोग होता. पोट सुटलेले वकील, गादीवर बसून तूपसाखर खाणारे शेठजी, जावयाकडे मुक्काम ठोकलेले सासरे यांना तो व्हायचा आणि शोभायचाही. काडीसारख्या हातापायांच्या शाळकरी मुलीला तो व्हावा, म्हणजे आईबापांचंच काहीतरी चुकलं असणार, असं आमच्या गिरगावातल्या चाळीनं एकमुखानं ठरवलं असतं. म्हणून चाळीला कळूच द्यायचं नाही असं घरात ठरलं. कोणी विचारलं की आई सांगायची, "तिला जरा उष्णता आहे." सकाळ-संध्याकाळ दार लावून मला इन्सुलिनची सुई टोचली जायची, ती या उष्णतेसाठी.

ती सुई नवीन निघाली होती, विलायतेहून यायची. ती निघण्याआधी माझ्यासारखी मुलं फार दिवस टिकत नसत. हे मला कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं, पण मोठी माणसं दाराआड बोलायला लागली की मुलांचे कान दाराला लागतातच. सुई थांबली की मीही थांबणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

आमचे डॉक्टर भला माणूस. दोष एकच, उत्साह. शहरातल्या कोंदट खोल्यांत ही मुलं सुधारायची नाहीत, त्यांना आयांसकट मोकळ्या हवेत नेलं पाहिजे, रोज फिरवलं पाहिजे, तोलून-मापून जेवू घातलं पाहिजे, म्हणजे सुई कमी करता येईल, कदाचित सोडवताही येईल, असं त्यांनी मनाशी घेतलं. त्यांना माथेरान हवं होतं. मिळाला तो कर्जतच्या बाहेर कडावच्या रस्त्यावरचा एका व्यापाऱ्याचा रिकामा बंगला. तो रिकामा का होता, हे तिथं पोहोचल्यावर लगेच कळलं. मालक मे महिन्यात स्वतः माथेरानला जात असत.

बंगल्याच्या व्हरांड्यातून माथेरान छान दिसायचं. हवा तिकडे होती आणि आम्ही इकडे. तरी डॉक्टर रोज सकाळी आम्हाला ओळीत उभं करून सांगत, "घ्या, श्वास घ्या. डोंगराची हवा आहे ही." आम्ही घ्यायचो. भाकरीच्या तव्यावर तोंड धरल्यासारखं वाटायचं.

स्टेशनावरून बैलगाड्यांतून एकेक कुटुंब उतरलं तेव्हाचा देखावा मी विसरणार नाही. प्रत्येक आईबरोबर एक आजारी मूल, एक धडधाकट मूल, एक स्टोव्ह आणि एक लोणच्याची बरणी. ओळखीपाळखी झाल्या. एकीचा मुलगा खोकल्यासाठी आला होता, दुसरीच्या मुलीला दृष्ट लागत होती, तिसरीला पोराच्या अंगाला हवा लागू द्यायची होती. माझी उष्णता होतीच. मधुमेही मुलांसाठी भरवलेल्या त्या मुक्कामाला मधुमेही मूल एकही आलेलं नव्हतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, या न्यायानं प्रत्येकीनं दुसरीच्या मुलाचं नीट निदान मात्र पहिल्याच संध्याकाळी करून टाकलं.

त्यांना हसायला मला आज सोपं जातं. पण माझ्या मोठ्या बहिणीला तेव्हा स्थळं पाहत होते. घरात असा रोग आहे हे बाहेर फुटलं असतं, तर तिला बघायला आलेले लोक पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले असते. आई खोटं बोलत होती ते हौसेनं नव्हे.

एकच मूल लपवालपवीशिवाय आलं होतं, किंवा आलंच नव्हतं म्हणा, कारण ते तिथलंच होतं. बंगला सांभाळणाऱ्या माळ्याचा मुलगा. माळ्याची बायको खालापूरकडची, बोलायला रोखठोक. मालकांच्या ओळखीनं डॉक्टरांनीच त्या मुलाची सुई सुरू केली होती. आया उतरताच तिनं त्यांना सांगितलं, "माज्या पोराला मुतातनं साखर जायाचा रोग हाय. तुमच्या पोरांना बी त्योच ना?" आया एकदम स्टोव्हला पिन मारायला लागल्या.

मुक्कामाचं सगळं घोडं एका टेबलावर येऊन अडायचं. टेबलावर काचेच्या नळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. त्या निळ्या औषधात मुलाच्या लघवीचे थेंब घालून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर पंचाईत. त्या रंगावरून त्या दिवशीची सुई ठरायची. निळं असेल तर कमी, विटकरी असेल तर जास्त.

ते टेबल ठेवायचं कुठे, यावर मोठा खल झाला. मागच्या पडवीत ठेवलं तर समोर तुळस होती. स्वयंपाकघराजवळ तर बोलायलाच नको. डॉक्टर चिडून म्हणाले, "गोमूत्र तुम्ही घरभर शिंपडता, आणि पोटच्या पोराचं चालत नाही?" यावर आयांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की टेबल मुकाट्यानं तबेल्यात गेलं. प्रत्येक आईनं आपल्या मुलाची बाटली सकाळी तिथं नेऊन ठेवायची आणि विहिरीवर आंघोळ करून मगच स्वयंपाकाला लागायचं, असा तह झाला. डॉक्टर बाकी सगळं स्वतःच्या हातानं करत. भाकरीसुद्धा सोनाराच्या तराजूत तोलत. बाटल्या तेवढ्या त्यांनी आयांवर सोपवल्या. आईवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर, असं ते म्हणत.

गावात या तबेल्याची भलतीच ख्याती झाली. माळ्याची बायको सांगत आली, "लोक म्हनत्यात, दाक्तर हितं दारू गाळतोय. निळी दारू. पोलीसपाटील बी इचारून गेला, कशापासनं काढता म्हनून." काय सांगितलंस, असं डॉक्टरांनी विचारलं. "खरं त्ये सांगितलं. त्यो पुना यायाचा नाय."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग डॉक्टरांच्या उत्साहानं उचल खाल्ली. एका सकाळी ओळीतच त्यांनी जाहीर केलं की मुक्काम संपताना ज्या मुलाची नळी सर्वांत जास्त वेळा निळी आली असेल, त्याला चांदीची वाटी बक्षीस, आणि कर्जतच्या हवेवर ते जी पुस्तिका लिहीत होते तिच्यात त्याच्या आईचं नाव. वाटी त्यांनी कागदातून काढून दाखवलीही. श्रीखंड खायची वाटी, आणि ती आम्हाला! पण हा विनोद तिथं कोणाच्या लक्षात आला नाही. आयांच्या डोळ्यांत वाटीपेक्षा दुसरंच काही चमकलं होतं. आपलं मूल सर्वांत निरोगी असल्याचा डॉक्टरांच्या सहीचा दाखला! स्थळांना दाखवायला याहून चांगलं काय मिळणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून कर्जतच्या हवेचा गुण येऊ लागला. आधी दोन नळ्या निळ्या झाल्या, मग चार. पिवळ्याच्या हिरव्या झाल्या, हिरव्याच्या निळ्या. माझी नळी तर अशी निळी यायची की डॉक्टर ती उजेडात धरून सगळ्यांना दाखवत. मी हरखून गेले. मला वाटायचं, हा रंग माझ्या अंगातून येतो आहे, मी बरी होते आहे. बाटली आईच्या हातात दिली की माझं काम संपायचं. आई तबेल्याकडे जाताना धाकट्या भावाला बरोबर घेऊन जायची, त्याला गाईचं वासरू दाखवायला. इतर आयाही आपापल्या धडधाकट मुलांना वासरू दाखवायला नेत. इतकं कौतुक त्या वासराच्या वाट्याला जन्मात पुन्हा आलं नसेल.

माळ्याच्या मुलाची नळी तेवढी रोज विटकरी, फार तर पिवळी. आया पदराआडून बोलायच्या. "या लोकांना कितीही सांगा, पोराला आंबे चारत असणार." डॉक्टरही तिला सगळ्यांदेखत रागावले. ती म्हणाली, "जे हाय त्ये हाय, दाक्तर. सुई वाडवा." त्यांनी वाढवली. आमच्या मात्र कमी करत नेल्या. माझी संध्याकाळची सुई बंद झाली तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली.

मग मला तहान लागायला लागली. आधीही लागायची, पण ही वेगळी. तांब्यामागून तांब्या प्यायचे आणि जीभ कोरडीच. उन्हाचं आहे, आई म्हणाली. फिरायला जाताना पाय लटपटायला लागले. दमली आहे, आई म्हणाली. मला उलट्या सुरू झाल्या तेव्हा ती काहीच म्हणाली नाही. पण दुसऱ्या सकाळी तिनं बाटली नेली आणि नळी निळीच आली. ती असं का करत राहिली, याचा मी पुढे खूप विचार केला. मला वाटतं, तिचाही त्या निळ्या रंगावर विश्वास बसायला लागला होता. रोज तोच रंग डोळ्यांसमोर धरून डॉक्टर शाबासकी देत होते, आणि खोटं आपणच पेरलं असलं तरी पीक डोलताना बघून माणूस भुलतं.

त्या दुपारी मी व्हरांड्यात सतरंजीवर पडले होते. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता. माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटत होते, पण ऐकू येत होते. डॉक्टर धावत आले. त्यांनी माझी नाडी पाहिली, आणि मग ते स्वतःच्याच हिशेबानं अगदी बरोबर बोलले. इतके दिवस नळी निळी म्हणजे अंगातली साखर उतरत गेली, आता ती फारच उतरली, मुलीला गुंगी आली. "साखरेचं पाणी आणा. लवकर. घट्ट करा."

कोणीतरी पेला आणला. सगळ्या आया भोवती जमल्या होत्या. डॉक्टरांनी माझी मान उचलली आणि चमचा ओठाला लावला. तेवढ्यात आईनं त्यांचा हात धरला. परपुरुषाचा हात तिनं तोवर कधी धरला नव्हता. चमचा खाली पडला.

"नका देऊ," ती म्हणाली. "ती तिची नव्हती. बाटली. माझ्या मुलाची होती."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "आज?"

"वाटी दाखवलीत तेव्हापासून रोज," आई म्हणाली. "हिची एकही नव्हती. हिला मधुमेह आहे, डॉक्टर. माझ्या मुलीला मधुमेह आहे." हे ती डॉक्टरांना सांगत होती, ज्यांनीच तिला ते पहिल्यांदा सांगितलं होतं. खरं म्हणजे ती भोवतालच्या सगळ्या बायकांना सांगत होती, आणि माझ्या बहिणीच्या सगळ्या न आलेल्या स्थळांना.

मला मोठी सुई बसली, मग पुन्हा एक. दुसऱ्या दिवशी मी उठून बसले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा उत्साह मात्र उठून बसला नाही. त्यांनी सगळ्या मुलांच्या बाटल्या स्वतःसमोर भरून घेतल्या आणि टेबल व्हरांड्यात आणून सगळ्यांदेखत नळ्या उकळल्या. एकामागून एक विटकरी. घरोघरी मातीच्याच चुली निघाल्या. शेवटची नळी माळ्याच्या मुलाची. ती जेमतेम हिरवट झाली. खरी बाटली येत होती म्हणून त्या एकट्याला खरी सुई मिळत होती.

आया खाली मान घालून उभ्या होत्या. डॉक्टर आत गेले आणि वाटी घेऊन आले. पुस्तिका बुडालीच होती. निदान नीतीचा एखादा धडा तरी हाती लागावा, असं त्यांना वाटलं असावं. ते माळ्याच्या बायकोसमोर उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "ही तुझी. खरेपणाबद्दल."

तिनं हात पुढं केला नाही.

"कसला खरेपना, दाक्तर," ती म्हणाली. "मला दुसरं पोर असतं तर मीबी त्याचीच बाटली आनली असती. व्हतं मला येक. ह्याच दुखन्यानं गेलं. तवा ही सुई नव्हती."

आई माझ्याशेजारी बसली होती, तिनं भावाला ओढून मांडीवर घेतलं. त्याला वासराकडे जायचं होतं, तो रडायला लागला, तरी तिनं त्याला सोडलं नाही.